दक्षिणेला तोंड

आप्पासोंच्या बंगल्यात खोलीगणिक पंखा होता आणि त्यातला एकही फिरत नव्हता. बैठकीच्या खोलीत काचेचं झुंबर होतं, भिंतींवर पांढरीशुभ्र बटणं होती, न्हाणीघरात पाणी तापवायचं यंत्रसुद्धा होतं. नव्हती ती फक्त वीज. विजेचे खांब गावातून निघाले आणि ओढ्याच्या अलीकडं येऊन जे उभे राहिले ते राहिलेच. बंगला ओढ्यापलीकडं, मळ्यात. खांब आज ना उद्या येतीलच, म्हणून आप्पासोंनी बांधतानाच सगळं बसवून घेतलं होतं. नाल आणून ठेवला होता, घोडा यायचा होता.

बंगला उभा राहिला तो गलाईच्या जिवावर. जुनं सोनं भट्टीत आटवायचं, त्यातली भेसळ काढायची आणि शुद्ध करून द्यायचं, ही गलाई. विटा भागातली माणसं ह्या धंद्यापायी मुलूखभर पांगलेली. आप्पासोंचा एकुलता एक मुलगा सर्जेराव सेलमला होता. पार खाली, तमिळ मुलखात. तो तिकडं भट्टीपुढं घाम गाळायचा आणि इकडं बंगल्यावर एकेक खोली चढायची. बंगल्यात राहायचे आईबाप आणि बायको. तो स्वतः दिवाळीला आणि चैत्रातल्या जत्रेला पाहुण्यासारखा यायचा. घरोघरी हेच होतं, त्यामुळं ह्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं.

वाटत होतं ते फक्त त्याच्या बायकोला. शरयूला सेलमला जायचं होतं. नवऱ्याजवळ, मग ती एक खोली का असेना.

शरयू साताऱ्याची. सदाशिव पेठेत तिच्या वडिलांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान. गलाईवाला जावई मिळाला म्हणून पेठेतल्या बायकांनी तिच्या आईचा हेवा केला होता. पोर राणीसारखी राहील म्हणाल्या. राहत होतीच. राणीनं उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नसतं, एवढं मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं.

लग्नाला चार वर्षं झाली तरी एक गोष्ट तिनं सोडली नव्हती. ती ‘हो’ म्हणायची. घरात, मळ्यात, गावात सगळे ‘व्हय’ म्हणत. सासू धोंडुबाई पहिल्या वर्षी हसल्या, दुसऱ्या वर्षी वैतागल्या. “हो म्हनं! व्हय म्हनाय काय जीभ झिजती तुजी?” शरयू गालातल्या गालात हसायची आणि पुन्हा ‘हो’च म्हणायची. त्यात शहरी तोरा नव्हता. आपण इथं पाहुण्या आहोत, आज ना उद्या सेलमला जाणार, असं तिनं मनाशी धरलं होतं. पाहुणीनं घरची बोली कशाला उचलायची? तेवढा एक शब्द तिनं पदराच्या गाठीत बांधून ठेवला होता.

नवऱ्याशी बोलायचं तर गावात रहिमानच्या फोनबूथवर जावं लागे. बाजारादिवशी आप्पासो तिला बरोबर घेऊन जात. बूथच्या दाराची काच कधीच फुटलेली. दाराशीच बाकडं, बाकड्यावर आप्पासो. लाईन अशी गुणाची, की बोंबलल्याशिवाय पलीकडं अक्षर पोचायचं नाही. म्हणजे नवऱ्याच्या कानात सांगायचं ते साऱ्या चौकाला सांगायचं. त्यामुळं ‘मी बरी आहे, सासूबाई बऱ्या आहेत, म्हैस व्याली’ एवढ्यावरच त्यांचा संसार चालला होता.

शहाण्णव सालची दिवाळी करून सर्जेराव परत गेला, त्यानंतरची गोष्ट. त्या बाजाराला म्हैस व्याल्याचं सांगून झालं, तरी शरयूनं फोन ठेवला नाही. समोर आप्पासोंचा फेटा दिसत होता. मला घेऊन जा, हे शब्द त्या फेट्यावरून पलीकडं कसे फेकायचे?

“अहो,” ती म्हणाली, “इथं फार अंधार आहे हो.”

“आँ?”

“अंधार!” ती ओरडली. “मला ह्या अंधारात राहवत नाही!”

आप्पासोंनी मान वर केली. रहिमान उगीचच मीटरकडं बघू लागला. तारेत खरखर झाली, आणि मग सर्जेरावाचा आवाज आला, “बरं. बरं. करतो मी कायतरी.”

शरयू घरी आली ती जमिनीवर पाऊल न टेकता. कळलं, त्याला कळलं! तिनं माळ्यावरची लोखंडी ट्रंक खाली काढली, आतून पुसली, उन्हात ठेवली. धोंडुबाईंनी विचारलं तर म्हणाली, वास येत होता.

पंधरवड्यानं विट्याहून टेम्पो आला. त्यातून शोएब उतरला. विट्यात रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचं त्याचं दुकान होतं. त्याच्या मागून गोणपाटात गुंडाळलेली एक भलीमोठी काळी काच उतरली, ट्रकला असते तशी बॅटरी उतरली आणि दोन नळ्यांचा दिवा.

“सोलर हाय, आप्पा,” शोएब म्हणाला. “शेटनी बंगलोरवरनं मागवून दिलंय. दिवसभर ह्या काचंनं ऊन खायाचं, बॅटरीत भरायचं, आन् रातच्याला दिवा. खांब नको, तार नको.” मग पायरीवर उभ्या शरयूकडं बघून तो कौतुकानं म्हणाला, “वैनी, शेट म्हनलं, घरात अंधार हाय, तिला राहवत न्हाई, आजच्या आज जोडून दे. लय जीव हाय बघा तुमच्यावर.”

शरयूला त्या काचेत दगड घालावासा वाटला. पण सगळे तिच्याच तोंडाकडं बघत होते, म्हणून ती हसली.

काच बसवायला शोएब गच्चीवर गेला आणि तिथं वेगळाच तमाशा उभा राहिला. त्यानं काच दक्षिणेच्या कठड्याला लावायला घेतली, दक्षिणेकडं तोंड करून. आप्पासो धापा टाकत जिना चढून वर आले आणि किंचाळलेच.

“आरं, दक्षिणेला? दक्षिणेला तोंड करून दिवा कुनाचा लावत्यात, ठावं न्हाई व्हय तुला? मानूस मेलं की कणकीचा दिवा ठेवत्यात त्यो! माज्या जित्या घरावर?”

“आप्पा, ह्यो दिवा न्हाई, ही काच हाय. दिवा खाली हाय.”

“दिव्याची आई तर हाय न्हवं? फिरीव उगवतीला. सूर्यनारायनाचं पैलं दर्शन हुईल.”

शोएबनं पुष्कळ सांगितलं. उगवतीच्या कठड्याच्या आतल्या बाजूला पाण्याची टाकी आहे, दुपारी सूर्य मावळतीला कलला की तिची सावली काचेवर पडेल, निम्मं ऊन वाया जाईल. आप्पासोंनी ऐकलं नाही. ज्याचं घर त्याचं म्हणणं. शोएबनं काच पूर्वेला ठोकली आणि जाता जाता शरयूला सांगितलं, “वैनी, रोज सकाळी वल्या फडक्यानं पुसायची. धुरळा बसला की ऊन आत जात न्हाई.”

“सूनबाई पुसंल,” आप्पासो म्हणाले. “आमच्यानं काय रोज जिना चढवत न्हाई.”

संध्याकाळी दिवा लागला. ओढ्यापलीकडच्या मळ्यामळ्यांतनं माणसं बघायला आली. पांढराफेक उजेड, ना धूर ना वास. आप्पासो अंगणात खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला म्हणू लागले, “लेकानं सूर्य बांधून धाडलाय.” मग सगळ्यांदेखत त्यांनी सुनेला विचारलं, “मग? आता काय कमी हाय गं सूनबाई?”

ह्या प्रश्नाला उत्तर नव्हतं, हीच त्यातली गोम. अंधार आहे म्हणून भर चौकात ओरडलीस, उजेड आणून दिला. आता पुन्हा तोंड उघडायचं ते कशाच्या जोरावर? एवढं करणाऱ्या नवऱ्याबद्दल कुरकुर केली असती तर साताऱ्यात तिच्या आईनंसुद्धा तिलाच बोल लावला असता. शरयूनं ट्रंक पुन्हा माळ्यावर टाकली.

दिव्याखाली बायका जमू लागल्या. कुणी मिरच्या निवडायला, कुणी चिंच फोडायला. त्यात शेजारच्या मळ्यातली बयाबाई असायची. दात सगळे गेलेले, जीभ तेवढी शाबूत. तिनं पहिल्याच आठवड्यात चिंचोके बाजूला सारत सगळ्यांसमोर म्हटलं, “चार वर्सं झाली, पाळना हालंना. आन् त्या गड्यानं काय धाडलं, तर दिवा! आगं, दिव्यानं प्वारं हुत्यात व्हय?”

बायका पदराआड फिदीफिदी हसल्या. धोंडुबाईंना राग आला. शरयू खाली मान घालून चिंच फोडत राहिली, पण तिला त्या म्हातारीच्या गळ्यात पडावंसं वाटलं. निदान एका माणसाला कळलं होतं. सर्जेराव मात्र साधाभोळा गडी, त्यानं शब्दाचा शब्दच धरला. अंधार म्हटलं की दिवा. भूक म्हटलं असतं तर भाकरी धाडली असती. असं मनाशी म्हणून ती त्याला गाढव ठरवायची, आणि त्यात तिला थोडा दिलासाही वाटायचा. गाढवाला समजावून सांगता येतं.

शोएब म्हणाला होता तसंच झालं. दुपार कलली की टाकीची सावली काचेवर येऊन बसायची. दिवेलागणीला दिवा ऐटीत लागायचा आणि जेवणं उरकायच्या आत पिवळा पडून मलूल व्हायचा. चिंच तशीच टाकून बायका कंदील शोधायच्या. आप्पासो दिव्याला शिव्या द्यायचे, शोएबला द्यायचे, बंगलोरला द्यायचे. शरयूला मनातून गुदगुल्या व्हायच्या. चार वर्षांत सासऱ्याचा हट्ट पहिल्यांदा तिच्या पथ्यावर पडला होता.

पुढच्या बाजाराला ती फोनवर म्हणाली, “दिवा चालत नाही नीट. लवकर विझतो. पुन्हा अंधारच आहे.”

“बरं,” सर्जेराव म्हणाला. “जत्रेला आलो की बघतो. मग ठरवू काय करायचं ते.”

मग ठरवू! शरयूनं हे दोन शब्द घट्ट धरून हिवाळा काढला. जत्रेपर्यंत दिवा असाच मरतुकडा राहिला, तर ह्या घरात अंधार आहे हे त्याला डोळ्यांनी दिसेल. फाल्गुन लागला, वाऱ्यानं माळावरचा फुफाटा उडू लागला, आणि तिनं काच पुसायचं सोडून दिलं. सकाळी फडकं घेऊन वर जायची, टाकीच्या सावलीत बसायची, फडकं भिजवून पिळायची आणि खाली यायची. “पुसलीस का गं?” धोंडुबाई खालून विचारत. “हो,” शरयू सांगायची. खोटं बोलत होती, आणि त्याचं तिला काडीचंही वाईट वाटत नव्हतं. काचेवर धूळ साचत होती तशी तिच्या मनात आशा साचत होती.

जत्रेच्या आदल्या दिवशी सर्जेराव आला. दोन्ही हातांत पिशव्या, बोटांवर तेजाबाचे पिवळे डाग, चेहरा भट्टीनं रापलेला. संध्याकाळी दिवा त्याच्या ताटात भाजी वाढेपर्यंतच टिकला. त्यानं वर बघितलं, आणि उरलेलं जेवण कंदिलावर उरकलं.

सकाळी पालखी निघायच्या आधी तो पाना घेऊन गच्चीवर चढला. बोल्ट धरायला शरयू मागोमाग गेली. खाली अंगण पाहुण्यांनी भरलं होतं. मद्रास, हैदराबाद, बंगलोर, कुठकुठून गावी आलेले गलाईवाले, गळ्यात साखळ्या, चहाच्या कपबश्या. वर मात्र दोघंच होती. दिवसाच्या उजेडात असं दोघांनीच असणं त्यांच्या वाट्याला फारसं आलंच नव्हतं.

सर्जेरावानं काचेवरनं बोट फिरवलं. धुळीत काळी रेघ उमटली. त्यानं बोटाकडं बघितलं, मग तिच्याकडं.

“पुसायची राहिली,” ती म्हणाली.

“व्हय,” तो म्हणाला आणि बोल्ट ढिले करायला लागला. “दक्षिणेला फिरवतो. शोएबनं सांगितलं मला समदं.”

“आणि आप्पा?”

“आप्पास्नी मी बघतो.”

हे वाक्य तिनं त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. सेलमच्या दुकानाचा मालक असला, तरी ह्या घरात तो आप्पासोंपुढं मान वर करत नसे. म्हणजे ह्याला बोलता येतं तर! तिचा जीव वर आला. आता नाही तर कधीच नाही.

“अहो, मी दिवा मागितला नव्हता.”

पाना थांबला.

“म्हाईत हाय मला,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“तवाच कळलं हुतं. फोनवर.” त्यानं वर बघितलं नाही. “अंधार म्हंजे काय, हे कळंना इतका मी खुळा न्हाई, शरयू. पर दिवा आनता येत हुता. म्हनून दिवा आनला.”

शरयूनं बोल्टवरचा हात काढला. झोपलेल्याला उठवता येतं, झोपेचं सोंग घेतलेल्याला कसं उठवायचं? इतके महिने तिनं ह्याला गाढव म्हणून माफ केलं होतं. हा गाढव नव्हता. ह्याला सगळं कळलं होतं, आणि कळूनसुद्धा ह्यानं काच पाठवली होती. तिला संताप आला, आणि त्याचे ते पिवळे पडलेले हात बघून त्याची कीवही आली.

“सेलमला एक खोली घेऊ,” ती हळू आवाजात म्हणाली. “कशीही असू दे.”

“खोली मिळंल गं. खोलीचं काय न्हाई.”

“मग?”

त्यानं हनुवटीनं खाली खुणावलं. अंगणात आप्पासो कुणाला तरी बंगल्याचं झुंबर दाखवत होते. “त्यास्नी सांगाय लागंल.”

“सांगा. आत्ता सांगा. चार माणसांत आप्पा नाही म्हणणार नाहीत. त्यांचीच शान आहे त्यात.”

त्यानं शेवटचा बोल्ट काढला. मग म्हणाला, “सांगतो.”

“खरंच?”

“सांगतो म्हनलं न्हवं?”

दोघांनी मिळून चौकट उचलली आणि दक्षिणेच्या कठड्याशी नेली. त्यानं बोल्ट आवळले, तिनं जोर लावून धरले. जायचंच आहे तर म्हाताऱ्यांच्या मागं दिवा तरी नीट राहू दे, तिच्या मनात आलं. फडकं खाली राहिलं होतं. तिनं नव्या साडीचा पदर टाकीत बुडवला आणि काच कोपऱ्याकोपऱ्यातून लख्ख पुसली. आडोसा नाही, सावली नाही, सगळं ऊन थेट काचेवर. सर्जेराव पाना खिशात घालून जिना उतरला. शरयू कठड्याला रेलून खाली बघू लागली.

“आप्पा,” अंगणात जाऊन सर्जेराव म्हणाला. आवाज चांगला मोठा होता. “एक सांगायचं हुतं.”

“सांग की.”

पाहुण्यांनी माना वळवल्या. सर्जेरावाची मान वर व्हायला लागली, गच्चीकडं, आणि अर्ध्यातच थांबली.

“काच,” तो म्हणाला. “काच म्या दक्षिणेला फिरवली.”

आप्पासोंच्या हातातली कपबशी हिंदकळली. “दक्षिणेला? आरं, मी सांगितलं हुतं न्हवं? यमाची दिशा ती! मला जित्तेपनी—”

“फिरवली ती फिरवली,” सर्जेराव म्हणाला. त्याच्या कपाळाची शीर उभी राहिली होती. “तिथनंच ऊन येतंय. मी आता माघारी फिरवनार न्हाई. काय म्हनायचं ते म्हना.”

बापाला असं उलट बोललेला सर्जेराव गावानं कधी बघितला नव्हता. शेवटी मद्रासचे नानासो हसले. “आवं आप्पा, सोडा की! आमच्या समद्यांची प्वाटं दक्षिणेला तोंड करूनच भरत्यात. कुठं यम आला?” सगळे खो खो हसले. आप्पासो काही वेळ धुमसले, आणि मग त्यांनीही मिशीवरनं हात फिरवला. “बरं बाबा. कमावत्याचं ऐकाय पायजे.” तेवढ्यात पालखीचे ढोल वाजले आणि माणसं उठली. सर्जेराव त्यांच्यात मिसळून गेला. आयुष्यभर साठवलेलं सगळं धाडस त्यानं एका काचेवर खर्च करून टाकलं होतं. गच्चीकडं त्यानं एकदाही बघितलं नाही.

त्या संध्याकाळी दिवा असा पेटला की धोंडुबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं. जेवणाच्या पंगती उठल्या, पुन्हा बसल्या, तरी उजेड तसूभर कमी झाला नाही. बयाबाईसुद्धा चिंचेचं टोपलं घेऊन येऊन बसली. तिनं एकदा दिव्याकडं बघितलं, एकदा शरयूच्या तोंडाकडं, आणि ती पहिल्यांदाच काही बोलली नाही.

“आता हिला कुटं धाडू नगा बाबांनो,” धोंडुबाई पाहुण्यांत कौतुकानं म्हणाल्या. “दिवा कोन बघंल? आमच्यानं जिना चढवतोय व्हय?” सगळे हसले. सर्जेरावही हसला.

जत्रा संपली तशी पाहुणे पांगले. सर्जेराव मिरजेहून गाडी धरायला निघाला. आप्पासोंच्या पाया पडला, आईच्या पडला, पिशवी खांद्याला लावली. शरयू दाराशी उभी होती. तिला काहीतरी सांगायला हवं हे त्यालाही कळत होतं, आणि सगळे तिथंच उभे होते.

“काच पुसत जा,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शरयू फडकं भिजवून वर गेली. रात्री वाऱ्यानं धूळ बसली होती. ती काचेसमोर गुडघे टेकून बसली आणि वरपासून खालपर्यंत, कोपऱ्यांसकट पुसायला लागली. काच दक्षिणेकडं तोंड करून होती. पुसताना तिच्यात शरयूला स्वतःचं तोंड दिसलं, आणि पाठीमागचं मोकळं आभाळ. सेलम त्याच बाजूला होतं. ऊन आताच चटके देऊ लागलं होतं. आजही दिवा छान लागणार होता, उद्याही लागणार होता, आणि ह्या घरात अंधार आहे असं आता कुणाला म्हणून सांगता येणार नव्हतं.

“पुसलीस का गं काच?” खालून धोंडुबाईंनी हाक दिली.

“व्हय,” शरयू म्हणाली.

शब्द तोंडातून गेला आणि मग तिच्या लक्षात आलं. ती फडकं हातात धरून तशीच बसून राहिली. खाली धोंडुबाई म्हशीपुढं आंबोण ठेवायला निघून गेल्या. त्यांना काही वेगळं ऐकू आलं नव्हतं.